कानबाईच्या पुढे

डॉक्टरांनी माझ्या पाठीचा फोटो उजेडात धरला आणि सांगितलं, मणक्यांमधली गादी झिजली आहे, ती काही परत भरायची नाही. दुखणं सांभाळून जगायचं. मनात म्हटलं, बावीस वर्षं फरशीवर वाकून साड्यांना टिकल्या चिकटवल्या, गादीनं तरी किती सोसायचं. पण वजन उचलायचं नाही म्हणाले, तेव्हा माझा पारा चढला. श्रावण तोंडावर आला होता. डिंडोलीतल्या आमच्या गल्लीत बसवलेली कानबाई देवी डोक्यावर घेऊन तळ्यावर शिरवायला, म्हणजे विसर्जनाला, न्यायचा मान माझा. तो मी वाटेत कधी कुणाला दिला नव्हता.

"मम्मी, औंदा मी लेस ना," सून हर्षदा म्हणाली.

"अजून मरनी नही मी," मी म्हटलं. लागेल असंच बोलले.

मग रोज दुपारी चटईवर पाठ टेकून, गुडघे दुमडून, फिजिओबाईंनी शिकवलेला व्यायाम करू लागले. पोट आत, श्वास सोडायचा, दहापर्यंत मोजायचं. सात-आठला डोळा लागायचा. खालच्या मजल्यावरच्या लूमची धडधड फरशीतून पाठीत शिरायची आणि सगळी खोली हळूहळू हलल्यासारखी वाटायची. एकदा दिसलं, कानबाई माझ्या शेजारी चटईवर निजली आहे, नथ बाजूला काढून, गुडघे दुमडून. तीही मोजत होती. मी विचारलं, "तुलेबी दुखस का वं?" ती हसली आणि पुढचा आकडा म्हणाली. जाग आली तेव्हा दुखणं कुठेतरी दूर, पलीकडच्या गल्लीत गेलं होतं.

ते परत आलं कानबाई शिरवायच्या दिवशी, सोमवारी सकाळी. आरती झाली, डफ वाजू लागला, बायांनी कानबाईचा पाट माझ्या डोक्यावर ठेवला. बारा पावलं गेले. तेराव्याला डाव्या पायात मुंग्या उतरल्या आणि पाय माझा राहिलाच नाही. मी पडले असते तर देवी पडली असती. त्याच भीतीनं मी हर्षदाला हाक मारली. तिनं पाट घेतला. माझं डोकं एकदम हलकं झालं, आणि मला लाज वाटली.

मिरवणूक पुढे सरकली. मी मागे पडत होते, गुलाल वर तरंगत होता, डफ पाण्याखालून यावा तसा ऐकू येत होता. तेवढ्यात शेजारच्या शोभाबाईनं सगळ्यांना थांबवलं.

"कलाबाईले पुढे ल्या. तिना पायवर आपन चालूत."

त्यांनी मला सगळ्यांच्या पुढे उभं केलं. मी हळू, म्हणून डफ हळू, नाचणाऱ्या बायाही हळू. अख्खी गल्ली माझ्या दुखऱ्या पावलांनी चालू लागली. हर्षदा नीट चालते आहे ना, ते पाहायचं होतं. कंबर पिळायची नाही, म्हणून थांबले आणि अख्खी मागे वळले.

सुनेच्या डोक्यावर कानबाई येत होती. कपाळभर कुंकू, मोठे डोळे, ऊन लागून चमकणारी नथ. इतकी वर्षं मीच तिला नेत आले, पण वाटेवर तिचं तोंड मला कधी दिसलं नव्हतं. मी कायम तिच्या खाली. मी भर रस्त्यात रडले. हर्षदा घाबरून म्हणाली, "दुखस का मम्मी?"

"दुखस," मी म्हटलं. "तू ये हळूहळू. माले पाहू दे."