गेला का?

अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या लुडविक म्लाकारला आपला चेंडू खांबांमधून गेला की नाही हे कधीच दिसत नसे. किक मारली की मान खालीच ठेवायची, हे त्याच्या अंगात इतकं मुरलं होतं की लोक उड्या मारायला लागले तरी हा बापडा गवताकडे बघत उभा. टार्व्हरचं तर विचारूच नका. तो वाकून दोन पायांमधून चेंडू मागे फेकायचा आणि दुसऱ्याच क्षणी समोरच्या धटिंगणांच्या ढिगाखाली जायचा. तिघांत बघणारा एकटा बॉइड व्हिझनंट. तो एका गुडघ्यावर बसून चेंडू झेलायचा, टोकावर उभा करून एका बोटानं धरायचा, लुडविकचा पाय लागला की वर बघायचा. मग ढिगाखालून टार्व्हरचा आवाज यायचा, "गेला का?" बॉइड म्हणायचा, "गेला." मग लुडविक मान वर करायचा. नाही गेला, तर बॉइड काहीच बोलायचा नाही.

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या श्रेव्हपोर्टच्या त्या संघात लुडविकशी तसंही फार कोणी बोलत नसे. किकरशी किकच्या आधी बोलू नये, बोललं की त्याचं चित्त उडतं, अशी खेळाडूंची समजूत. आता किक कधी मारायची वेळ येईल याचा नेम नाही, म्हणून सामनाभर बोलायचं नाही. मग सरावालाही नाही. असं करत करत बस आणि जेवणाचं टेबलही त्यात आलं. मंडळींच्या मनात वाईट काही नव्हतं. उलट मानच द्यायचे ते. देवघरातल्या देवाला देतात तसा मान, म्हणजे नमस्कार करायचा आणि आपल्या कामाला लागायचं. त्यात हा क्लीव्हलँडच्या स्लोव्हेनियन वस्तीतला, ज्याच्या घरी अकॉर्डियनवर पोल्का नाचाची गाणी वाजतात असा, म्हणून त्याचं नाव ठेवलं होतं पोल्का.

बॉइडनं मात्र ही समजूत पहिल्याच दिवशी मोडली होती. तो टेक्ससचा. नावाला राखीव क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून संघाचा खेळ चालवणारा, पण मुख्य क्वार्टरबॅक कधी आजारीच पडत नसल्यामुळे हंगामभर त्याचं काम एवढंच, लुडविकसाठी चेंडू धरणं. चेंडूची वाट बघत गुडघ्यावर बसला की तो आपल्या मावशीच्या डुकराची गोष्ट सांगायचा. डुक्कर रविवारी चर्चमध्ये शिरलं, बाकाखाली बसलं, पाद्रीबाबांनी बघितलं... तेवढ्यात चेंडू यायचा आणि गोष्ट तिथंच थांबायची. पुढचं पुढच्या किकला. अख्खा हंगाम ते डुक्कर चर्चमध्येच होतं. लुडविक हसत हसत किक मारायचा आणि त्याची किक सहसा चुकायची नाही.

ही सगळी मंडळी नव्या लीगची. नवी लीग वसंतात खेळायची, जुनी लीग पानगळीत. जुन्या लीगच्या मालकांना खात्री होती की नवी आज ना उद्या बुडणार. म्हणून त्यांनी जूनमध्ये एक खास ड्राफ्ट ठेवला. नव्या लीगमध्ये नाहीतर कॅनडात खेळणाऱ्या पोरांपैकी कोण कोणाच्या वाट्याला, हे आत्ताच ठरवून टाकायचं. माणूस धडधाकट असताना त्याच्या घरच्या भांड्यांची वाटणी करावी तसला प्रकार. पण भांड्यांना त्याचं वाईट वाटत नव्हतं. जुन्या लीगमध्ये पैसा होता, टीव्ही होता, भरलेली स्टेडियम होती. इथं श्रेव्हपोर्टात उन्हानं रिकामे बाक तापायचे.

एप्रिलमध्ये जुन्या लीगमधल्या एका उत्तरेकडच्या संघाचा माणूस येऊन गेला होता. खांबांच्या मागे उभा राहून त्यानं लुडविकच्या सगळ्या किका बघितल्या, आणि मग बॉइडला बाजूला घेऊन कितीतरी वेळ बोलत बसला. बॉइड उड्या मारत आला. "तुझंच विचारत होता रे, पोल्का. वाऱ्यात कसा मारतो, दडपण आलं तर काय करतो. मी म्हटलं, दडपण? डुकराची गोष्ट चालू असताना कसलं दडपण?"

लुडविकनं त्याच दिवशी त्याला शब्द दिला होता. मी गेलो तर त्यांना सांगणार, माझा चेंडू धरणारा मला बरोबर पाहिजे. त्याच्याशिवाय मी येत नाही.

"सांगशील तू. आणि ते ऐकतील," बॉइड हसून म्हणाला होता.

"ऐकोत न ऐकोत. मी सांगणार."

तो संघ क्लीव्हलँडपासून मोटारीनं सकाळी निघून दुपारच्या जेवणाला पोचता येईल इतका जवळ. आईनं चर्चमधल्या सगळ्या बायकांना सांगून टाकलं होतं.

ड्राफ्टच्या दिवशी दुपारी संघ जेवायला बसला. तळलेला मासा, मक्याचे वडे, बर्फ घातलेला गोड चहा. सगळ्यांना माहीत होतं की आज लुडविकचं नाव येणार, म्हणून सगळ्यांनी त्याच्या भोवतीची टेबलं रिकामी सोडली. मोठी किक मारायच्या आधी सोडावी तशी. टार्व्हरसुद्धा, इतका प्रेमळ माणूस, लांबूनच मान हलवून गेला. बॉइड तेवढा समोर बसून लुडविकच्या ताटातला वडा उचलून खात होता आणि तिकडे किती थंडी असते, दोघांना मिळून घर घेतलं तर भाडं किती पडेल, असं काहीबाही बोलत होता.

ऑफिसात फोन वाजला. थोड्या वेळानं कोच दारात आले. त्यांनी आधी लुडविककडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली.

"व्हिझनंट," ते म्हणाले. "तिसऱ्या फेरीत. उत्तरेकडच्यांनी उचललं तुला."

क्षणभर कोणाला काही कळेना. बॉइडचा वडा तोंडातच. मग कोचनीच सांगितलं. तो माणूस लुडविकच्या किकच्या सगळ्या फिल्मा घेऊन गेला होता. त्या पुन्हा पुन्हा बघताना तिकडच्या कोचला दिसले ते बॉइडचे हात. वाकडा आलेला, घरंगळत आलेला, डोक्यावरून चाललेला चेंडू हा पोरगा झेलतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत उभा करतो. असे हात असलेला राखीव क्वार्टरबॅक त्यांना हवाच होता. किकर त्यांच्याकडे होता, आणि तो बरा होता.

मग जो कल्लोळ झाला! खुर्च्या सरकल्या, पोरांनी बॉइडला खांद्यावर घेतलं आणि बाहेरच्या पोहण्याच्या तलावात कपड्यांसकट टाकायला नेलं. खोली रिकामी झाली. लुडविक आपल्या टेबलावर बसून राहिला. समोर बॉइडचं ताट, त्यात लुडविकच्या ताटातला अर्धा वडा. लुडविकला आनंद झाला नाही असं नाही. पण त्या आनंदाच्या मागोमाग दुसरं काहीतरी आलं आणि त्याच्या छातीवर बसलं. आजवर तो एकटा असायचा, पण त्या एकटेपणातही बॉइड असायचा.

संध्याकाळी त्यानं घरी फोन केला. आईनं सगळं ऐकून घेतलं. तिला वाईट वाटलं, पण ती बाई मुळातच वाईट वाटून घेणाऱ्यांतली नव्हती.

"तुझा तोच मित्र ना, बाळा? नाताळला आपल्याकडे आला होता, अक्रोडाची पोतीत्सा एकट्यानं संपवली होती?"

"तोच."

"मग काळजी कशाला? तो सांगेल की त्यांना तुझ्याबद्दल. तू सांगणार होतास तसं."

लुडविक म्हणाला, हो, सांगेल.

आणि तेव्हापासून तो वाट बघायला लागला. बॉइडच्या सांगण्यानं काही होणार नाही हे त्याला कळत होतं. तिसऱ्या फेरीतल्या राखीव पोराचं कोण ऐकतंय? लुडविकला नोकरी नको होती. त्याला फक्त ते वाक्य हवं होतं. मी सांगतो त्यांना, एवढंच. ऐकोत न ऐकोत.

बॉइड ते म्हणाला नाही. तो वाईट माणूस नव्हता, म्हणूनच म्हणाला नसावा. खोटं आश्वासन द्यायला त्याची जीभ रेटत नव्हती आणि खरं बोलायलाही. मग तो बोलेनासाच झाला. जेवताना इतरांच्या टेबलावर बसायला लागला. लुडविक समोर आला की खांद्यावर थाप मारायचा आणि पुढे जायचा. संघातल्या सगळ्यांसारखाच तोही आता लुडविकला मान द्यायला लागला होता.

हंगामाचा शेवटचा सामना घरच्या मैदानावर होता. शेवटच्या मिनिटाला दोन गुणांनी मागे असताना लुडविकला बोलावलं. लांबची किक, तिरका वारा, गेली तर तीन गुण. बॉइड गुडघ्यावर बसला. लुडविक पावलं मोजून मागे सरकला आणि थांबला. त्याला वाटलं, आता. आता डुक्कर तरी येईल.

बॉइडनं वर बघितलं. "सावकाश मार," तो म्हणाला.

सावकाश मार! रस्त्यावरचा कोणीही परका माणूस म्हणेल ते. चेंडू आला, तोही जरा वाकडाच. बॉइडच्या हातांनी तो अलगद झेलला, उभा केला, आणि लुडविकचा पाय त्यावर बसला. तो मान खाली घालून उभा राहिला.

"गेला का?" ढिगाखालून टार्व्हर.

"गेला," बॉइड म्हणाला.

लोक मैदानात धावत आले. लुडविकनं मान वर केली तेव्हा बॉइड हेल्मेट काढून कोचच्या दिशेनं चालू लागला होता.

दोन दिवसांनी सकाळी बॉइडनं आपला पिकअप भरला. खेळाडूंच्या वसाहतीत बाकी सगळे अजून झोपलेले. लुडविकनं त्याच्या पेट्या उचलून दिल्या, दोरी आवळून दिली, आईनं पाठवलेली पोतीत्सा, तो अक्रोडाचा गोड पाव, त्याच्या शेजारच्या सीटवर ठेवली. ती दोघांसाठी होती, पण लुडविकनं अख्खीच देऊन टाकली.

"पुढच्या वर्षी पुन्हा मला घेतायत म्हणाले," लुडविक म्हणाला. "लीग राहिली तर."

"राहील रे."

मग दोघंही उभे राहिले. बॉइडनं दोनदा तोंड उघडलं.

"त्या डुकराचं सांगायचं राहूनच गेलं," बॉइड म्हणाला.

"राहू दे. फोनवर सांग."

"हो. फोनवर सांगतो."

त्यानं लुडविकला घट्ट मिठी मारली. त्या मिठीत सगळं होतं, ते एक वाक्य सोडून. मग तो गाडीत बसला, आणि इंजिन घरघरलं. लुडविकची मान सवयीनं खाली गेली. पिकअप फाटकाकडे वळला, रस्त्याला लागला, आवाज लांब लांब होत गेला, आणि तो आपल्या बुटांच्या टोकांकडे आणि डांबरावर सांडलेल्या तेलाच्या डागाकडे बघत राहिला. वर बघितलं असतं तर कदाचित गाडी वळणावर दिसलीही असती.

मागे सपातांचा आवाज झाला. टार्व्हर डोळे चोळत, तसाच बनियनवर बाहेर आला होता. एवढा मोठा माणूस, पण त्याला उठायला उशीर झाला होता आणि त्याचं तोंड अगदी एवढंसं झालं होतं. त्यानं रिकाम्या जागेकडे बघितलं, मग लुडविककडे.

"गेला का?" त्यानं विचारलं.

लुडविकनं थोडा वेळ वाट बघितली. मग त्याच्या लक्षात आलं की उत्तर आता त्यालाच द्यायचं आहे.

"गेला," तो म्हणाला.