भागूबाबांना पेललेला चेनसॉ

मित्रांनो, काम न करताच कुणी जुना होतो का? मी झालो. मी एक लहानसा, हलका चेनसॉ, म्हणजे लाकूड कापायचं पेट्रोलवरचं मशीन. कारखान्यातून निघालो तेव्हा मनात मोठमोठे मनसुबे होते. येऊन पडलो आळेफाट्याला, गेणभाऊंच्या दुकानात, सगळ्यात खालच्या फळीवर.

तिथे मी माणसं ओळखायला शिकलो. ज्याच्या बांधावर एकच बाभळ, तो हमखास सगळ्यात लांब पात्याचं मशीन मागायचा. ज्याला रोज कापायचं असायचं, तो आधी वजन विचारायचा. पण बरोबर चार मित्र असले की तोही मोठंच न्यायचा. लोक माझी दोरी ओढून नुसता आवाज ऐकायचे, "खेळणं हाय राव," म्हणायचे आणि दुसऱ्यालाच घेऊन जायचे. माझ्या खात्यावर कौतुक निल आणि धूळ भरपूर.

मग एका सकाळी भागूबाबा आले. आंबेगावच्या डोंगराकडचे, उभा जन्म कुऱ्हाडीवर काढलेले. वाळलेलं किंवा पडलेलं झाड तोडायचं म्हटलं की लोक त्यांनाच हाक मारत. पण आता खांदा साथ देईना. मुलगा सुनील घरूनच बजावून आला होता : मशीन जमलं तर काम करा, नाहीतर कुऱ्हाड ठेवा आणि घरी बसा. बाबांच्या बायको झुंबरबाई मागे उभ्या होत्या. त्या सगळं बघत होत्या.

बेल्ह्याच्या बाजारात बैल बघावेत तशी बाबांनी आमची रांग पाहिली. पाठीवरून हात फिरवला, साखळीचे दात बोटाने चाचपले, मागून एक फेरी मारली आणि सगळ्यात थोराड मशीनसमोर थांबले.

"ह्यो."

सुनील वडिलांना दादा म्हणायचा. तो खूश झाला. "दादा, ह्याच्यापुढं गावात कुणाची टाप न्हाई." गेणभाऊ तर खोकं शोधायलाच निघाले.

झुंबरबाईंसाठी चहा आला होता. तो बशीत ओतत त्या म्हणाल्या, "आवो, बैल कधी नुसती शिंगं बघून घेतला व्हता का? चालवून बघत व्हता ना? मग हे बी हातात धरून बघा. माझा चहा व्हईस्तवर."

बाबांनी थोराड मशीन दोन्ही हातांनी पुढे धरलं. झुंबरबाई बशीत फुंकर घालत राहिल्या. इतका सावकाश चहा पिणारं माणूस मी दुकानात पाहिलेलं नाही. अर्धी बशी झाली आणि पातं खाली झुकायला लागलं.

"चहा लई गरम हाय का?" बाबा दातओठ खात म्हणाले.

"गरम न्हाई. गोड हाय."

बाबांनी मशीन जमिनीवर ठेवलं, त्यावर पाय दिला आणि हट्टाने दोरी ओढली. खांदा अर्ध्यातच अडकला. पुन्हा ओढली. मशीन काही सुरू होईना.

"चल सुन्या," पायरी उतरत बाबा म्हणाले. "नाय जमत आता."

मित्रांनो, माझ्या टाकीत होतं नव्हतं तेवढं पेट्रोल उसळलं. ओरडावंसं वाटत होतं. पण दोरी ओढल्याशिवाय आमच्या तोंडून शब्द निघत नाही.

झुंबरबाईंनी माझ्याकडे बोट केलं. "ते बारकं काढा की, भाऊ."

"ते पोरांचं खेळणं हाय," बाबा पायरीवरूनच म्हणाले.

"मग खेळा. कुणी बघत न्हाई."

गेणभाऊंनी मला पुसलं, बाबांना गॉगल दिला. पहिल्या ओढीला मी नुसता खोकलो. दुसऱ्या ओढीला सुटलो! दाराशी बाभळीचा ओंडका होता. बाबांनी मला त्यावर टेकवलं, आणि लाकूड कुठे नरम, कुठे गाठीचं, हे त्यांच्या हातांनी मला आधीच सांगितलं. भुसा गेणभाऊंच्या काउंटरपर्यंत उडाला. एक काप झाला, दुसरा झाला. सुनील "दादा, बास" म्हणत होता. बाबांना ऐकू येत नव्हतं, की ऐकायचं नव्हतं, ते त्यांनाच ठाऊक.

आता आम्ही जोडीने हिंडतो. परवा पारगावच्या रस्त्यात झाड आडवं पडलं आणि उसाच्या ट्रॉल्या खोळंबल्या. लोकांनी फोन केला तो बाबांनाच. सुनील मात्र गावभर सांगतो की मशीन त्यानेच निवडलं. सांगू दे बापडा.

मित्रांनो, माझ्या साखळीला वेळच्या वेळी धार लावा, तेल घाला, हे तर सांगेनच. पण घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी एखादं हत्यार घ्याल तेव्हा आपली हौस दुकानाबाहेर ठेवा. थकलेल्या माणसाला घरी बसवणं सोपं असतं. त्याच्या हाताला पेलेल असं काही शोधायला थोडा वेळ घालवावा लागतो, एवढंच.

बरं, आता बाजूला सरा. बाबांनी गॉगल चढवलाय.