दुभाषी रविना

"सांग तिला," डॉक्टर म्हणाले. "बाळ गेलं म्हणून सांग."

रविनाने खाटेकडे पाहिलं. कौसाबाई उशाला पदर गोळा करून बसली होती आणि एकदा डॉक्टरांच्या, एकदा रविनाच्या तोंडाकडे बघत होती. तीन दिवसांच्या मुलाला पहाटे आतल्या काचेच्या खोलीत नेलं होतं, तेव्हापासून तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोण? तिला पावरीशिवाय दुसरी भाषा येत नव्हती आणि त्या दवाखान्यात पावरी कोणालाच येत नव्हती. रविनाच्या अंगात कॉलेजच्या लॅबचा पांढरा कोट होता. अकरा वाजता केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल, म्हणून ती तो घालूनच निघाली होती. कौसाबाई तिला डॉक्टरीण समजत होती.

"वसतिगृहाच्या मॅडम म्हणाल्या होत्या तासाभरात सोडतील," रविना म्हणाली. "मला परीक्षा आहे, सर."

"मग लवकर सांग ना."

रविनाने सांगितलं. पावरीत ते फार थोड्या शब्दांत होतं. कौसाबाईने आधी मान हलवली, नीट कळल्यासारखी. मग तिने रविनाच्या कोटाची बाही धरली आणि विचारलं, "तू सांगतेस ते, की तो सांगतोय ते?"

"तो सांगतोय."

"तू बघितलंस?"

रविनाने बघितलं नव्हतं. ती आत गेली, बघून आली, आणि पुन्हा तेच सांगितलं. तेव्हा कौसाबाई रडायला लागली, पण बाही काही सोडली नाही.

हे काम रविनाच्या अंगावर कसं आलं, ते तिलाही नेमकं सांगता आलं नसतं. धडगावच्या वरच्या अंगाला असलेल्या एका पाड्यातून ती खाली शिकायला आली होती. चौथीपर्यंत तिलाही मराठी धड येत नव्हती, आश्रमशाळेत मार खात खात ती शिकली. बारावीला चांगले गुण पडले, तालुक्याच्या गावात बी.एस्सी.ला प्रवेश मिळाला, सरकारी वसतिगृहात खाट मिळाली, शिष्यवृत्ती मिळाली. पहिल्या वर्षीच एका संध्याकाळी वसतिगृहाच्या ममता मॅडमना दवाखान्यातून फोन आला. डोंगरातली एक बाई आली होती आणि तिचं दुखणं कोणाला कळत नव्हतं. मॅडमनी रविनाला पाठवलं. ती बाई वाचली. त्यानंतर फोन येतच राहिले. कधी वर्ग चालू असताना, कधी जेवणाच्या ताटावर. दवाखान्यातल्या अनुसया सिस्टर मॅडमना न विचारता थेट तिलाच फोन करू लागल्या. "रविना, ये वं बेटा. एक बाई येल शे, काय सांगी ऱ्हायनी ते आम्हले काहीच समजत नही."

महिला दिनाला मॅडमनी तिला गुलाबाचं फूल आणि एक प्रशस्तिपत्र दिलं. फोटो काढला. वसतिगृहाचं नाव झालं.

सुरुवातीला रविना सांगताना शब्द मऊ करायची. एका बाईला तिने, गर्भ उरला नाही असं न सांगता, डॉक्टर प्रयत्न करताहेत असं सांगितलं होतं. ती बाई दोन दिवस आशेवर बसून राहिली आणि खरं कळल्यावर तिच्या नवऱ्याने वॉर्डात गोंधळ घातला. डॉक्टर रविनावर ओरडले होते, "तुझ्या पदरचं काही घालायचं नाही. मी म्हणतो तेवढं आणि तसंच." तेव्हापासून ती तसंच सांगायची.

कौसाबाईचा नवरा मेहुण्याकडून पैसे आणायला गेला होता. तो येईपर्यंत अंगठे कुठे उठवायचे, मूल कसं न्यायचं, गाडी कोण देणार, हे सगळं तिला एकटीलाच विचारलं जाणार होतं, मराठीत. अनुसया सिस्टर दोनदा म्हणाल्या, "जाय वं, तुन्हा पेपर शे ना? जाय." रविना एकदा दारापर्यंत गेलीही. मागे वळून पाहिलं तर कौसाबाई रडायची थांबून तिच्याकडेच बघत होती, जत्रेत हात सुटलेल्या लेकरासारखी. रविना परत आली. नवरा आला तेव्हा ऊन भिंतीवरून खाली उतरलं होतं. कॉलेजच्या लॅबला कुलूप लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी केमिस्ट्रीच्या सरांनी ऐकून घेतलं. "तू स्वतः आजारी होतीस का?"

"नाही सर."

"मग मी काय लिहू? गैरहजर म्हणजे गैरहजर."

थिअरीचे सगळे पेपर तिने दिले, पण वर्षभरात बुडालेले तास त्यांत दिसले. गणितही राहिलं. उन्हाळ्याच्या शेवटी निकाल लागला आणि तिसऱ्या वर्षाला तिला प्रवेश मिळणार नाही हे नक्की झालं. नियम तिला पहिल्या दिवसापासून पाठ होता. शिष्यवृत्ती आणि वसतिगृह दोन्ही दरवर्षी पास होणाऱ्याला. वर्ष गेलं की दोन्ही गेलं.

ती दवाखान्यात पत्र मागायला गेली. त्या दिवशीचे डॉक्टर बदलून गेले होते. नव्या डॉक्टरांनी तिचं सगळं ऐकलं, मग विचारलं, "तुला कोणी नेमलं होतं का? नाही ना? मग तू इथे होतीस असं मी कसं लिहून देऊ?" अनुसया सिस्टर औषधांच्या कपाटाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. कपाट आधीच लावलेलं होतं.

ममता मॅडमनी दार लोटून घेतलं आणि तिला बसायला सांगितलं. त्या वाईट नव्हत्या. त्याही अशाच एका वसतिगृहात राहून शिकल्या होत्या.

"मॅडम, तुम्ही त्या दिवशी मला पाठवलं होतं, एवढंच लिहून द्या."

मॅडमनी टेबलावरचा पेपरवेट फिरवला. "रविना, मी तुला जा म्हटलं होतं. परीक्षा सोड असं म्हटलं नव्हतं."

ते खरंच होतं.

"वरच्या ऑफिसात जाऊन बघ," मॅडम म्हणाल्या. "वडिलांना घेऊन जा. पालक असले की जरा बरं पडतं."

तिचा बाप रायसिंग आला तो धुतलेला सदरा घालून. येताना मॅडमसाठी आमचुराची पुरचुंडी आणली होती, ती मॅडमनी घेतली. पोरीचं काहीतरी अडलंय आणि साहेबांना भेटायचंय, एवढंच त्याला ठाऊक होतं. अडचणी साहेबांना भेटून सुटतात असा त्याचा अनुभव नव्हता, पण पोरगी कॉलेजात गेल्यापासून त्याचा थोडा विश्वास बसू लागला होता.

ऑफिसात नवनीतभाऊ नावाचे कारकून होते, विसरवाडीकडचे. त्यांनी कॉम्प्युटरवर नाव बघितलं.

"नापास शे. आठे काही व्हवाव नही. नियम शे ना."

"साहेबांना भेटू द्या, भाऊ."

साहेब चहा पीत होते. त्यांनी बापलेकीला समोर उभं केलं आणि रविनाचं सगळं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं. मग ते रायसिंगकडे वळले. "तुम्हाला माहीत आहे का, तुमची मुलगी नापास झाली?"

रायसिंगने रविनाकडे पाहिलं.

"त्यांना मराठी येत नाही, सर."

"मग तू सांग. मी बोलतो तसं सांग."

रविनाने दोन्ही हात पुढे एकात एक धरले, दवाखान्यात धरायची तसे.

"त्यांना सांग, सरकार एवढा खर्च करतं, आणि मुली इथे येऊन गावभर फिरतात."

रविनाने सांगितलं. रायसिंगची मान किंचित खाली गेली.

"सांग, पास होणं एवढी एकच अट होती. तीही तुझ्याच्याने पुरी झाली नाही."

तिने तेही सांगितलं. 'तुझ्याच्याने' हा शब्द सांगताना तिने स्वतःकडे बोट दाखवलं, नाहीतर बापाला तो आपल्याविषयीच वाटला असता.

"सांग, तुझ्या जागेसाठी दुसऱ्या मुली थांबल्यात. हुशार मुली."

पावरीत हुशारला जो शब्द होता, तो रायसिंग आजवर तिच्यासाठीच वापरत आला होता. तिने तोच वापरला.

रायसिंग एकदम बोलायला लागला. हात जोडून, भराभर, मधे श्वास न घेता. नवनीतभाऊ दारातून डोकावले. "काय सांगी ऱ्हायना तुन्हा बाप?"

रविनाने बापाचे जोडलेले हात खाली केले.

"बोल," साहेब म्हणाले.

"ते म्हणतात, हिला ठेवा. माझी धाकटी मुलगी आश्रमशाळेत आहे, तिला मी उद्या काढून घेतो. तिच्यावरचा खर्च हिच्यावर करा. ती ढोरं राखेल."

साहेबांच्या हातातला कप हलला. आधी नवनीतभाऊ हसले, मग साहेबही. त्यात दुष्टपणा नव्हता. खरोखरच हसू आल्यावर माणूस हसतो तसे ते हसले. "असं बदलून मिळत नाही म्हणावं," साहेब डोळे पुसत म्हणाले.

"काय म्हणाले?" रायसिंगने विचारलं.

"असं बदलून मिळत नाही म्हणाले."

"त्याआधी?"

"त्याआधी हसले."

"ते कळलं मला," रायसिंग म्हणाला.

बाहेर आल्यावर पायरीवर बसून त्याने चपलेचा अंगठा दोरीने बांधला. मग मान वर न करता विचारलं, "तू परीक्षेला का गेली नाहीस?" तेव्हा तिने त्याला पहिल्यांदा कौसाबाईचं सांगितलं. तो ऐकत राहिला. कौसाबाई कोणत्या पाड्याची, कोणाची सून, असं त्याने विचारलं. ते लोक त्याच्या माहितीतले निघाले. "त्यांनी मूल कुठे पुरलं?" त्याने विचारलं. ते रविनाला माहीत नव्हतं. ती म्हणाली, "तिथपर्यंत माझं काम नव्हतं." बोलल्यावर तिला स्वतःचाच राग आला.

खाट त्याच दिवशी रिकामी करायची होती. रविनाने पेटी भरली. पांढरा कोट खोलीतल्या दुसऱ्या मुलीला देऊन टाकला. पुस्तकं वाचनालयाची होती, ती परत केली. दवाखान्यातून एक फोन येऊन गेला. तिने तो वाजू दिला.

ती पेटी घेऊन खाली आली तेव्हा मॅडमच्या खोलीबाहेर नवी मुलगी उभी होती. रंजिता नाव. नवं कोरं दप्तर पोटाशी धरून. शेजारी तिची आई, धनुबाई, चांदीचं गळ्यातलं घालून आलेली. मॅडम दोघींना नियम समजावत होत्या. रंजिता भीतीने प्रत्येक वाक्याला हो म्हणत होती आणि आईला त्यातलं काही कळत नव्हतं.

"बरं झालं आलीस," मॅडम रविनाला म्हणाल्या. "जाता जाता यांना एवढं समजावून दे ना. ही घाबरलीय, हिला सांगता येत नाही. दरवर्षी पास व्हावंच लागेल म्हणावं. एकदा जरी वर्ष गेलं तर शिष्यवृत्ती बंद, खाट दुसरीला. तेव्हा मग कोणी काही करू शकणार नाही. नंतर माहीत नव्हतं म्हणायला नको."

रायसिंग फाटकापाशी थांबला होता. रविनाने पेटी खाली ठेवली. धनुबाईच्या समोर उभी राहून तिने एकेक वाक्य सांगितलं, काहीही न वगळता, स्वतःचं काहीही न घालता. धनुबाईने सगळं लक्ष देऊन ऐकलं. मग तिची नजर खाली पेटीवर गेली आणि तिचा चेहरा उजळला. आपल्याकडची, एवढी मोठी, एवढं मराठी बोलणारी पोर बघून तिला हायसं वाटलं असावं. तिने रविनाच्या गालावरून हात फिरवला आणि काही विचारलं.

रविनाने उत्तर दिलं.

"काय विचारतात त्या?" मॅडम म्हणाल्या.

"तुझं शिक्षण पुरं झालं का, असं विचारलं."

मॅडमनी नजर हातातल्या रजिस्टरात घातली. वर न बघताच त्यांनी विचारलं, "मग? काय सांगितलंस?"

"झालं म्हणून सांगितलं," रविना म्हणाली.

रायसिंग आत आला. त्याने पेटीची एक कडी धरली, तिने दुसरी. तो तिच्यापेक्षा बुटका होता, त्यामुळे पेटी त्याच्या बाजूला कलली आणि सगळं ओझं त्याच्याकडे गेलं. फाटकाबाहेर मिरचीच्या पोत्यांनी भरलेला एक टेम्पो जात होता. दोघांनी खोकत तो जाऊ दिला आणि रस्ता ओलांडला.