प्लॅटिनममधल्या चड्ड्या

किलेलेश्वाला, शहराच्या श्रीमंत भागात, उंच बिल्डिंगींच्या गेटसमोर एक बुटकी भिंत आहे. सकाळी तिच्यावर धुणंवाल्या बसतात, पाय खाली सोडून. गाडी थांबते, काच खाली येते, आतली बाई बोट दाखवते, की एक जण उतरून जाते. दिवसभर टबात हात, मध्ये चहा-पाव, संध्याकाळी परत कवांगवारेच्या झोपडपट्टीत. भिंतीवर जागेवरून रोज भांडणं. पण एका गोष्टीत सगळ्या एक होत्या. आतले कपडे धुवायचे नाहीत. चादरी द्या, पडदे द्या, पोरांचे चिखलाचे बूट द्या. चड्डी ज्याची त्यानं धुवायची.

कधी ढिगात एखादी निघालीच तर बोसिबोरी मावशी ती काठीच्या टोकावर उचलायची आणि मालकिणीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची, "ही बाई रस्ता चुकली वाटतं!" मालकीण लाजून ती घेऊन आत पळायची.

तिच्या भाचीला, केमुंतोला, मावशी आवडायची ती या काठीसाठी. बाकी मावशी कटकटी होती. केमुंतोनं शाळा सोडली, गावाहून उठून तिच्याकडे आली, तेव्हापासून रोज बोलणी. "एवढी जीभ आहे तर वर्गात का नाही चालवलीस?" पण टबापाशी बसली की मावशी कुणाच्या बापाला भीत नसे.

मग गथोनी मॅडम आली.

पांढरी गाडी, पांढरी पॅंट, आणि हसली तर वाटावं दात मोजायला काढलेत. तिनं भिंतीवरच्या काही जणी निवडल्या, मावशीला सगळ्यात आधी. महिन्याचा पगार. मावशीचे गुडघे गेलेले, भिंतीवरून उतरताना ती दोन्ही हात टेकून 'हाय रे' करायची. ती लगेच हो म्हणाली. केमुंतोही मागोमाग गेली.

"जा, जा," भिंतीवरून अदोयो ओरडली. ही मावशीची जुनी सोबतीण, फाटक्या तोंडाची. "तिथं शेंबूड पुसायलासुद्धा हातमोजे देतात म्हणे!"

हातमोजे खरंच दिले. राखाडी झगा दिला. लिंबाच्या वासाचा फवारा दिला, स्वतःच्या काखेत मारायला, कारण घाम प्रीमियम नसतो.

"कपडे धुतो असं म्हणायचं नाही," गथोनी मॅडमनं शिकवलं. "फॅब्रिक केअर म्हणायचं. लोक आपल्याला कामाचे पैसे देत नाहीत. ते अनुभवाचे देतात."

"कसला अनुभव?" केमुंतोनं विचारलं.

"तुझं नाव काय?"

"केमुंतो."

"जड आहे. ग्राहकासमोर तू ग्रेस."

"आणि मावशी?"

"त्याही ग्रेस. सगळ्याच ग्रेस. एक आजारी पडली तर दुसरी पाठवता येते, कुणाला फरक कळत नाही."

मावशी मान डोलावत होती. केमुंतोनं तिला कोपरानं ढोसलं.

घरात चहा दिला तर नाही म्हणायचं, हेही शिकवलं. चहाला नाही! एका म्हाताऱ्या बाईनं स्वतः दूध उकळून कप पुढं केला, तर मावशी ग्रेससारखी हसून "धन्यवाद, नको" म्हणाली. म्हातारीचं तोंड असं झालं, जणू कुणी तिच्या दारात थुंकलं.

पॅकेजं तीन होती. सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. प्लॅटिनमचं बोधवाक्य मॅडमनं हात छातीवर ठेवून सांगितलं, "टोपलीत काय आहे, ते आम्ही कधीच विचारत नाही."

बाहेर आल्यावर केमुंतोनं मावशीचा दंड पकडला. "कळलं ना म्हणजे काय ते?"

"कळलं. मी काय बाळ आहे?"

"मग?"

"मग काय? तशी वेळ आली तर मी नाही म्हणेन. आजवर म्हणत नाही आले?" मग आवाज खाली आणून, "ती मला सुपरवायझर करणार आहे. उभं राहायचं आणि बघायचं, बस. गुडघे वाकवायचे नाहीत."

वेळ यायला उशीर लागला नाही. चेरुयोट नावाचा तरुण, एकटा राहणारा, कुठल्याशा बँकेत मोठ्या जागेवर. कंपनीनं त्याला जाहिरातीपुरतं फुकट प्लॅटिनम दिलं होतं. तो ऑफिसला गेल्यावर मॅडम स्वतः आली, फोन काठीला लावून. बाल्कनीत उन्हात टब ठेवला, शेजारी जाहिरातीची फुलं ठेवली.

"टोपलीत नुसते शर्ट?" ती म्हणाली, आणि घरभर शोधत फिरली. न्हाणीघराच्या दारामागे झाकण घातलेली लहान बादली होती. तिनं झाकण काढलं, बघितलं, आणि सगळं टबात ओतलं.

शिळ्या साबणाचा आणि अंगाचा वास आला.

"हे त्यांनी दिलं नाही," केमुंतो म्हणाली. "झाकून ठेवलं होतं."

"प्लॅटिनम आहे, ग्रेस."

मावशी टबाकडे बघत राहिली. केमुंतो वाट बघत होती. काठी नव्हती तर नव्हती, तोंड तर होतं!

"मॅडम, हे आम्ही…" मावशीनं सुरुवात केली.

"सुपरवायझरला 'आम्ही नाही' असं बोलता येत नाही," मॅडम गोड आवाजात म्हणाली. "हातमोजे काढा. उघडे हात दिसू देत. आईचे हात! लोक त्यालाच भुलतात. खाली बसा. अजून खाली."

आणि मावशी बसली. हाय रे न करता बसली. हातमोजे काढले. टबात हात घातले आणि एका परक्या पुरुषाची चड्डी दोन मुठींत धरून चोळायला लागली. मॅडमनं फोन जवळ नेला, मग आणखी जवळ. मावशीनं मान वर केली नाही. केमुंतोला मॅडमची किळस आली ती आलीच, पण मावशीच्या हातांची जास्त आली, आणि त्याचीच तिला चीड आली.

तेवढ्यात कुलूप वाजलं. चेरुयोट काहीतरी विसरला होता. बाल्कनीच्या दारात आला आणि जागच्या जागी थिजला.

"आई!" तो किंचाळलाच. मावशी त्याच्या आईच्याच वयाची होती. "आई, ठेवा ते! ठेवा खाली! अरे देवा, काय करताय हे?"

"सर, हे तुमच्या पॅकेजमध्ये…"

"मी भिजवल्या होत्या! मी धुणार होतो! माझ्या आईला कळलं तर ती मला उंबऱ्यात उभं करणार नाही!" त्यानं मावशीच्या हातातून चड्डी ओढली, टब उचलला, पाणी शर्टभर सांडत न्हाणीघरात घुसला आणि आतून कडी लावली. आतून खसाखसा चोळल्याचा आवाज यायला लागला.

मॅडमनं फोन स्वतःकडे वळवला. "बघितलंत? आमचे ग्राहक किती भावुक होतात!"

केमुंतोनं काठीसकट फोन हिसकला आणि निळीच्या बादलीत बुडवला. दाबून धरला.

मॅडम रागावलीसुद्धा नाही. "लाईव्ह होतं, ग्रेस. लोकांनी बघून झालं. झगे काढून ठेवा आणि निघा."

परतीच्या मटाटूत, माणसांनी खच्चून भरलेल्या भाड्याच्या व्हॅनमध्ये, दोघी शेजारी बसल्या.

"आलेली नोकरी घालवलीस," मावशी म्हणाली.

"मी? तू काय केलंस ते आठव."

"मी काम केलं."

"तू नाही म्हणणार होतीस!"

"माझे गुडघे घेऊन एक दिवस जग," मावशी म्हणाली, "मग मला शिकव."

घरी मावशीनं मक्याच्या पिठाची घट्ट उगाली केली, हातानं गोळा मोडून केमुंतोच्या ताटात ठेवला. केमुंतोनं त्या बोटांकडे बघितलं आणि ताट सरकवलं. मावशीनं पुन्हा पुढं केलं नाही. ते ताट झाकलं आणि भिंतीकडे तोंड करून जेवली.

दुसऱ्या दिवशी जायला दुसरी जागा नव्हती. भिंतीवरच्या बायकांनी दोघींना येताना बघितलं. कुणी सरकलं नाही.

"आल्या प्लॅटिनमबाई!" अदोयो म्हणाली. "काल मला एकीनं विचारलं, सगळं धुतेस का. सगळं! तुझा फोटो दाखवला. तुझी चैन झाली गं, आमची अब्रू गेली."

मावशी भिंतीला टेकून उभीच राहिली. गाडी आली. काच खाली झाली. आतल्या बाईनं सरळ मावशीकडे बोट केलं.

"तुम्हीच ना त्या व्हिडिओतल्या? चला. तसंच सगळं करायचं बरं का, आतलंसुद्धा."

भिंतीवरच्या सगळ्या पुढं वाकल्या.

"नाही," मावशी म्हणाली.

"पण तुम्हीच तर…"

"हो, मीच. नाही धुणार. आपले आपण धुवा."

केमुंतोला वाटलं, आता मावशीचा हात धरावा. पण गाडी गेली नाही. काच तशीच उघडी होती, आणि बाईचं बोट पुढं सरकत भिंतीवरून फिरत होतं. एकेक जण नजर चुकवत होती.

अदोयो खाली उतरली. स्कर्ट झटकला. कुणाकडे न बघता मागचं दार उघडून आत बसली.

"अदोयो!" केमुंतो ओरडली. "लाज वाटत नाही?" तिनं खडा उचलला. मावशीनं तिचं मनगट धरलं. त्याच हातानं. केमुंतोनं झटका दिला, पण हात सुटला नाही.

गाडी निघून गेल्यावर मावशी दोन्ही हात टेकून, हाय रे करत, भिंतीवर अदोयोच्या जागेवर चढून बसली. "ये," तिनं शेजारी थोपटलं. "जागा गरम आहे अजून."

केमुंतो थुंकली आणि उभीच राहिली.