पुसायचा राहिलेला श्वास

मित्रांनो, कपाटाच्या खालच्या फळीवर उभी करून ठेवलेली मी एक जुनी व्हिडिओ टेप आहे. माझ्यावर मुलांच्या एका कार्यक्रमाचा भाग आहे. चार छोटी कार्टून, कुठून कुठून गोळा केलेली. एकात कोंबडा सायकल शिकतो, एकात ढगाला शिंका येतात. एकाचा दुसऱ्याशी अर्थाअर्थी संबंध नाही.

ती जोडली आमच्या संकलक ताईंनी, आणि सांधली त्यांच्या नवऱ्याच्या आवाजाने. पडद्यावर न दिसता तो मधे मधे बोलायचा. आधी मोठा श्वास घ्यायचा, मग म्हणायचा, "चला, कोंबडा पडला. आता ढगाची विचारपूस करू." मुलं खूश असायची. ताईंचे साहेबही शाबासकी द्यायचे.

मग ध्यानीमनी नसताना तो गेला. दुपारी जेवून जरा आडवा झाला, तो उठलाच नाही.

ताई कामावर परत आल्या तेव्हा साहेबांनी चाचरत सांगितलं, की पुढचे भाग नव्या माणसाच्या आवाजात होणार, म्हणून जुन्या भागातही तोच आवाज हवा. हे काम दुसऱ्या कोणाला तरी देतो, असंही ते म्हणाले.

"नको," ताई म्हणाल्या. "कुठे काय आहे ते मला पाठ आहे."

त्यांनी मला यंत्रात घातलं. जुन्या आवाजावर नवा आवाज चढत गेला. हात सवयीने चालत होते. चेहरा कोऱ्या पाटीसारखा. मलाही काही वाटलं नाही. पुसलं जाताना दुखत नाही, मित्रांनो. नुसतं हलकं होतं.

ढगाच्या आधी मात्र त्यांनी बटण क्षणभर उशिरा दाबलं. श्वास तेवढा राहिला.

तपासताना साहेबांनी विचारलं, इथे खरखर कसली? टेप जुनी झालीय, असं ताईंनी सांगितलं. खापर माझ्यावर फुटलं.

भाग टीव्हीवर लागला त्या दिवशी ताईंची लेक ऑफिसात त्यांच्या शेजारी पाय हलवत बसली होती. कोंबडा पडला. श्वास आला. तिचे पाय थांबले.

"आता बाबा," ती म्हणाली.

नवा माणूस बोलू लागला. ताईंनी पडद्यावरून नजर हटवली नाही. लेकीचा हात तेवढा धरून ठेवला.

मला चालवणारी यंत्रं आता बहुतेक भंगारात गेली, एखादंच कुठे चालू असेल. तुमच्या घरीही माझ्यासारखी एखादी पडलेली असेल. तिला ओलीपासून जपा, उन्हात टाकू नका. आणि तिच्यावर नवं काही भरायचं ठरलंच, तर आधी घरातल्या सगळ्यांना बोलावून ती एकदा शेवटपर्यंत ऐका.