थेंबाच्या पन्नासाव्या हिश्शात

अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई गेल्या, मुलगी कॉलेजात जायला लागली, तेव्हा बारा वर्षांनी तिने पांढरा कोट पुन्हा अंगावर चढवला. प्रयोगशाळेत तिसऱ्याच आठवड्यात साहेबांनी एक बाटली पुढ्यात ठेवली.

"यातल्या एका मायक्रोलिटरमध्ये रेणू किती, ते काढा. यंत्रही मोजेल. आकडे जुळले पाहिजेत."

एक मायक्रोलिटर म्हणजे थेंबाचा जेमतेम पन्नासावा हिस्सा. लेबलवर द्रावणाची तीव्रता होती एक नॅनोमोलर. तिने हिशेब मांडला. साठ कोटी रेणू. यंत्राने दाखवले साठ हजार कोटी.

"हजारपट फरक?" साहेब सगळ्यांसमोर म्हणाले. "तीन शून्यं खाल्लीत की काय? एवढी वर्षं घरी बसल्यावर दुसरं काय होणार!"

तिचे कान तापले. तिने पुन्हा मांडलं. साठ कोटी. जेवणाची सुट्टी सोडून पुन्हा. साठ कोटीच. घरी भाजी करपली.

"आई, कॅलक्युलेटर बदलून बघ," मुलगी म्हणाली.

"तीन बदलले. आता डोकं तेवढं बदलायचं राहिलंय."

चौथ्या दिवशी तिसऱ्या वहीचं पान फाडताना तिच्या मनात आलं, आपण सारखी आपलीच झडती घेतोय. बाटलीची कोणी घेतलीच नाही. तिने द्रावण बनवल्याची नोंदवही काढली. पूड किती, पाणी किती, सगळं होतं. त्यावरून तीव्रता काढली तर निघाली एक मायक्रोमोलर. नॅनोच्या हजारपट!

ती बाटली घेऊन साहेबांकडे गेली. अक्षर त्यांचंच होतं. लेबलवर नॅनोचा 'n' होता; मायक्रोचं 'µ' हे चिन्ह घाईत लिहिलं की तसंच दिसतं, फक्त त्याला खाली शेपटी असते.

"हा मायक्रोच आहे," ते म्हणाले. "खाली शेपटी दिसत नाही का?"

"कुठाय शेपटी, सर?"

त्यांनी चष्मा पुसला, बाटली दिव्याखाली धरली. शेपटी नव्हतीच.

मग कळलं, महिनाभर सगळे लेबल वाचूनच ते द्रावण वापरत होते. चाळीस चाचण्या पुन्हा करायच्या होत्या.

"तुम्हीच करा. तुम्हाला आता सवय झालीय," साहेब म्हणाले आणि अहवालात त्यांनी लिहिलं, 'मोजणीत तफावत'.

तिने कागद परत सरकवला. "लेबल चुकलं, असं लिहा, सर."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. शेवटी त्यांनी ओळ खोडली आणि लिहिलं, 'लेबल अस्पष्ट'.

चडफडत तिने तेवढ्यावर समाधान मानलं आणि पहिल्या चाचणीची नळी उचलली.