कॅसेटवर लिहिलं होतं : पुसू नये

मित्रांनो, हळू आवाजात आपलं दुःख सांगणाऱ्या जुन्या वस्तू तुम्ही पुष्कळ ऐकल्या असतील. मी तसली नाही. मी एक जुनी कॅसेट आहे आणि माझा राग अजून उतरलेला नाही.

१९९२ साली संजीवनीनं मला सिंगापूरच्या लिटिल इंडियातून, तिथल्या भारतीय वस्तीतून, आणलं. संजीवनी मूळची पुण्याची, संसार सिंगापुरात. नवरा हेमचंद्र बोटीवर इंजिनिअर, सहा-सहा महिने समुद्रावर. परदेशी बंदरांतून तो तिला रेकॉर्डी आणायचा. त्यांतल्या सोल आणि ब्लूजनं, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्यांनी, तिला वेड लावलं. ब्लूजमध्ये एक ओळ दोनदा म्हणतात आणि तिसरीत तिला उत्तर देतात. ती म्हणायची, "जात्यावर बसलेली बाई आणि ही बाई एकच गोष्ट सांगताहेत की!"

मग ती स्वतःच गाऊ लागली. दर शनिवारी संध्याकाळी नदीकाठच्या एका हॉटेलात, पियानोवर म्हातारे मिस्टर लिम. आधी इंग्रजी गाणी, मग स्वतः रचलेली मराठी. शब्द कळत नसले तरी लोक जेवण थांबवून ऐकायचे. तिथल्या आपल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मात्र तिला कधी गायला बोलावलं नाही. बारमध्ये गाणारी बाई, म्हणे! खिरापतीचे मोदक तिच्या हातचे चालायचे, गाणं तेवढं चालत नव्हतं.

१९९४ मध्ये बुओना व्हिस्टाजवळच्या एका छोट्या स्टुडिओत तिची सहा गाणी माझ्यावर भरली गेली. पुढे तो स्टुडिओ बंद पडला, मूळ टेप गहाळ झाली. उरले मी एकटी. माझ्या पाठीवर दोन टोकांना प्लॅस्टिकचे दोन बारीक तुकडे असतात. तुकडा तोडला की त्या बाजूवर पुन्हा काही भरता येत नाही. संजीवनीनं गाण्यांच्या बाजूचा तुकडा स्वतः तोडला आणि ठळक अक्षरांत लिहिलं, 'माझी गाणी. पुसू नये.' दुसरी बाजू कोरी होती.

त्याच वर्षी तिच्या घशात गाठ निघाली. ती ऑपरेशनसाठी हॉस्पिटलात असताना मंडळाचे सेक्रेटरी प्रबोध घरी आले. संध्याकाळी अध्यक्षांचं भाषण होतं, ते भरून घ्यायला टेपरेकॉर्डर हवा होता. हेमचंद्र तेव्हा रजेवर होता. त्यानं टेप दिला. मी आतच होते.

"यात वहिनींची गाणी आहेत वाटतं," प्रबोध म्हणाले.

"असू दे, दुसरी कुठे शोधत बसता?" हेमचंद्र घाईत होता, डबा घेऊन हॉस्पिटलात निघाला होता.

"खरंच. वहिनी काय, पुन्हा म्हणतील की!"

आणि त्या गृहस्थानं तोडलेल्या जागी चिकटपट्टी लावून मला पुन्हा भरण्याजोगं केलं! अरे, चोवीस तास उघडं दुकान होतं या शहरात, एक कोरी कॅसेट मिळाली नसती? बरं, तेही जाऊ दे. मला नुसतं उलटलं असतं तरी चाललं असतं! तेवढेसुद्धा कष्ट घेतले नाहीत. मी ओरडू शकत नव्हते. अध्यक्ष आपल्या थोर संस्कृतीवर बोलत होते आणि माझ्या अंगावरून संजीवनी एकेक गाणं पुसली जात होती.

गाठ गेली, पण आवाजही गेला. उरली फक्त घोगरी कुजबुज. ती घरी आली तेव्हा टेपरेकॉर्डर परत आला होता, मी आतच. तिच्या मुलीनं, बोलताना सिंगापुरी 'लाह' जोडणाऱ्या ईशानं, हौसेनं मला लावलं. "आई, हू इज धिस अंकल? तुझं गाणं कुठेय लाह?"

संजीवनीनं सगळं भाषण ऐकलं. शेवटी टाळ्या, आणि टाळ्यांमागून तिच्या सहाव्या गाण्याचं शेवटचं कडवं. तेवढंच वाचलं होतं. हेमचंद्रनं मान खाली घालून सगळं सांगितलं. ती त्याच्याशी महिनाभर बोलली नाही. मला विचाराल, तर महिना कमीच होता.

तीन वर्षांनी प्रबोध पुन्हा दारात. "वहिनी, अध्यक्ष निवृत्त होताहेत. सत्कारात त्यांचं ते भाषण ऐकवायचंय. कॅसेट तुमच्याकडेच आहे ना?"

"बसा," संजीवनी कुजबुजली आणि तिनं मला लावलं. प्रबोध खुशीत मान डोलवत होते. टाळ्या संपल्या, पियानो वाजला आणि तो भरदार आवाज आला :

"माझ्या नावाची पाटी कुणी काढली दारावरून?
माझ्या नावाची पाटी कुणी काढली दारावरून?
मीही इथेच राहते रे, हाक तरी मार दारावरून."

प्रबोधांची मान थांबली. "हा... वहिनी, हा तुमचा आवाज?"

"होता."

तिनं मला बाहेर काढलं, पाठीवरची चिकटपट्टी नखानं खरवडून उपटली आणि मला मुठीत धरलं.

प्रबोध चाचरत म्हणाले, "पण वहिनी, भाषणाची ही एकच प्रत आहे हो..."

"त्यात काय," ती त्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, "अध्यक्ष पुन्हा करतील की!"

ते उठले आणि चपला घालून निघून गेले.

मित्रांनो, मी आता ईशाच्या कपाटात असते. माझ्यावर तिचं एकच कडवं आहे. कुणी आपल्या हातानं 'पुसू नये' असं लिहून ठेवलं असेल, तर ते वाचा. आणि वाचूनही चिकटपट्टी लावणार असाल, तर मला मित्र म्हणू नका.